गांजाचा कायदा दिल्लीचा, पण किल्ली मुंबईत



काल छाटलेल्या बागेला पेस्ट लावणं चालू होतं, तेवढ्यात शेजारचा पोरगा मोबाईल घेऊन बांधावर आला. उत्तराखंडातल्या हेम्प शेतीचा व्हिडिओ होता. म्हणे, "नाना, तिकडं सरकार परवाना देतं. देश एकच ना? मग आपण दोन सऱ्या लावल्या तर काय बिघडलं?" बिघडलं तर दहा वर्षं जातात, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोंधळ मिटवू. कृषी दुकानात सनहेम्प म्हणतात तो आपला ताग. तो हिरवळीचं खत म्हणून बिनधास्त गाडा. हेम्प मात्र गांजाचंच झाड, नशा कमी असलेलं वाण. पोलिसाला बांधावरून दोन्हीतला फरक दिसत नाही.

आता कायदा. केंद्राचा 1985 चा एनडीपीएस कायदा. कलम 8 ने लागवड बंद. कलम 20 ने लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पण त्याच कायद्याचं कलम 10 म्हणतं की राज्य सरकार नियम करून लागवडीला परवानगी देऊ शकतं. कलम 14 म्हणतं की फक्त धागा किंवा बियाण्यासाठी सरकार आदेश काढून मुभा देऊ शकतं. उत्तराखंडनं 2018 मध्ये हाच दरवाजा उघडला, नशेचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत ठेवायच्या अटीवर. हिमाचलच्या विधानसभेनं सप्टेंबर 2024 मध्ये समितीचा अहवाल मंजूर केला.

अमेरिकेत उलटं आहे. कोलोरॅडोच्या लोकांनी 2012 ला मतदान करून गांजा खुला केला, पण तिथल्या केंद्राचा 1970 चा कायदा तसाच राहिला. राज्य म्हणतं चालेल, केंद्र म्हणतं गुन्हा. दुकानाला राज्याचा परवाना असतो, तरी बँका खातं उघडायला बिचकतात. आपल्याकडं असं भांडण नाही. केंद्रानं किल्ली राज्याच्या हातात दिली आहे, आपलं राज्य ती खिशातून काढत नाही, एवढंच.

2021 च्या ऑगस्टमध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडं दोन एकर गांजा लावायची परवानगी मागितली. कुठल्याच पिकाला भाव नाही, हे त्याचं कारण. लावला तर गुन्हा दाखल होईल, असं पोलिसांनी सांगितलं. लोक हसले. मला हसू आलं नाही. प्रश्न बरोबर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात एफएसएसएआयनं हेम्पचं बी खाद्य म्हणून मान्य केलं. म्हणजे बी पुण्या-मुंबईत विकत घेऊन खाता येतं, पण इथं पेरता येत नाही.

राज्याला करायचं असतं तेव्हा होतं. दारू राज्याच्या यादीत येते, म्हणून 2001 ला वाइन धोरण आलं आणि विंचूरला वाइन पार्क झालं. पण त्याची दुसरी बाजूही मी भोगली आहे. एका कंपनीच्या भरवशावर एकरभर वाइनची द्राक्षं लावली. मंदी आली, माल उचलला नाही, कागदावर काही नव्हतं. स्वतः लावलेली बाग स्वतःच कुऱ्हाडीनं तोडली.

म्हणून माझं मत साधं आहे. राज्यानं हो किंवा नाही, लेखी सांगावं. हो म्हणायचं असेल तर आधी राहुरीच्या कृषी विद्यापीठात चाचणी घ्यावी. थंड डोंगरातलं वाण आपल्या उन्हात मर्यादेत राहतं का, ते बघावं. मर्यादा ओलांडली तर पीक कोण तपासणार, नुकसान कोण भरणार आणि माल कोण घेणार, हे परवान्यातच लिहावं. शेतकऱ्याला प्रयोगशाळा समजून आधी लावायला आणि मग आत टाकायला नको.

तोवर सावध राहा. कलम 54 प्रमाणे, आपण कसलेल्या जमिनीत गांजाचं झाड उभं सापडलं तर गुन्हा आपणच केला असं कोर्ट धरून चालू शकतं. नाही केला, हे आपल्यालाच दाखवावं लागतं. कलम 46 प्रमाणे आपल्या जमिनीत कुणी चोरून लावलं तर लगेच कळवायचं, माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हा. कलम 47 ही जबाबदारी सरपंचावरही टाकतं. शेत वाट्यानं दिलं असेल तर तुरीच्या, उसाच्या मधल्या ओळी महिन्यातून एकदा स्वतः फिरून बघा. शिरपूरकडच्या छाप्यांच्या बातम्या आपण पेपरात वाचतोच.

पोराला म्हटलं, व्हिडिओतल्या माणसाकडं परवान्याचा कागद आहे. तुझ्याकडं काय आहे, सातबारा? त्याच सातबाऱ्यावरचं नाव बघून पोलीस दारात येतील. तो गप्प झाला, मग पेस्टची बादली उचलून माझ्याबरोबर ओळीत आला.