माशांचे माहेर

 युनेस्कोने 2015 मध्ये 26 जुलै हा दिवस कांदळवनांच्या नावे केला. आपल्याला मात्र ही तारीख 2005 च्या महापुरामुळे आठवते. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला मनाई केली. पुढे उपग्रहचित्रांवरून तिवरांचे नकाशे झाले आणि 2012 मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला. तिवरांच्या मुळ्यांच्या जाळीत कोळंबी, बोय, जिताडा यांची पिल्ले वाढतात. कोळीवाड्याला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. सरकारदरबारी त्याची नोंद झाली, हे चांगलेच झाले.

पण माशांचे पाळणाघर खाडीच्या काठाशी संपत नाही. कर्जतकडची पोशीर नदी उल्हासला मिळते आणि उल्हासचे पाणी वसईच्या खाडीला जाते. समुद्रापासून इतक्या आत, कर्जतच्या भातखाचरांतही मासळी वाढते. मृगाचा पाऊस लागला की वळगण, म्हणजे माशांचे अंडी घालायला वर चढणे, सुरू होते. रात्री बांधावरून पाणी ओसंडत असते. बॅटरीच्या उजेडात बोटभर मळ्या त्या धारेवर झेप घेतो, आपटतो, पुन्हा झेपावतो. मागोमाग गाभोळीने पोट तटतटलेली शिंगटी येते. बांधापलीकडे खाचरातले उथळ, संथ पाणी असते. तिथे अंडी पडतात आणि लावणीच्या दिवसांत रोपांच्या बुडाशी पिल्ले वळवळू लागतात. भरल्या पोटी वर चढणारी ही मासळी म्हणजे बाळंतपणाला माहेरी निघालेली लेकच. तिची वाट अडवू नये.

आज ती वाट ठायी ठायी अडते. रस्त्याखालच्या मोरीचा नळ ओहोळापासून हातभर उंच बसवला, तर मासा तिथेच तडफडतो. कुठे विजेचा झटका देऊन किंवा पाण्यात विष कालवून अख्खा डोह रिकामा केला जातो. खाचर बुजवून प्लॉट पडला की माहेरच नाहीसे होते. 2025 मध्ये मंत्रिमंडळाने पोशीर धरणाला मंजुरी दिली. महानगरांची तहान खरी आहे. पण भिंत उभी राहिली की वर चढणाऱ्या माशाला दार उरणार नाही. म्हणून पहिला दगड बसण्याआधी या वाटांची नोंद झाली पाहिजे.

त्यासाठी नवा कायदा नको. 2002 च्या जैवविविधता कायद्यातली लोकजैवविविधता नोंदवही ग्रामपंचायतीकडे असायला हवी. तीत कातकरी आणि ठाकूर जाणत्यांना सोबत घेऊन प्रत्येक ओहोळ, डोह आणि वळगणीचे खाचर लिहावे, नकाशावर दाखवावे. मोऱ्यांचे नळ ओहोळाच्या तळाशी बसवावेत. चार घरांच्या कालवणापुरती मासळी धरणाऱ्या कातकऱ्यावर बंदी नको. बंदी हवी ती विष आणि विजेवर.

तिवरांचा नकाशा झाला, म्हणून न्यायालयाची मनाई कुठे लागू आहे हे दाखवता आले. पोशीरच्या खाचरांसाठी उभे राहायचे, तर त्यांचाही नकाशा हवा. तो आज जाणत्यांच्या पायांना पाठ आहे. पुढच्या मृगाआधी तो कागदावर उतरू द्या.