मिशांचा पडदा

गेल्या महिन्यांत खाप्याचें जुनें घर आवरतांना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींत ताईआत्याचे कागद सांपडले. कागद कसले, लग्नपत्रिकांच्या पाठी, वाण्याच्या पुड्यांचे उलगडलेले तुकडे आणि जुन्या वह्यांचीं उरलींसुरलीं पृष्ठें. त्यांवर पेन्सिलीनें काढलेलीं आमच्याच घरांतलीं माणसें! ताईआत्याला सातव्या वर्षीं मोठा ताप आला आणि त्यांत तिचे कान गेले. ती बोलत असे. परंतु आवाज चढा व सपाट लागे म्हणून पाहुण्यांसमोर तिला गप्प बसवीत. गांव तिला 'मुकी' म्हणे, आणि तें घरांतहि कोणी दुरुस्त केलें नाहीं.

या कागदांत आजोबांचें एक चित्र पुनःपुन्हां येतें. नाकाखालीं मिशांच्या जागीं दाराचा भरघोस पडदा, आणि पडद्याबाहेर, जोडे काढतात तेथें, एक मुलगी ताटकळत उभी. लहानपणीं तें पाहून आम्ही पोट धरधरून हंसलों होतों. आजोबाहि हंसले. त्या चित्राचा अर्थ समजण्यास मला साठ वर्षें लागलीं, आणि तोहि कळला एका अमेरिकन बाईंच्या पुस्तकामुळें.

सीसी बेल हें त्यांचें नांव. चवथ्या वर्षीं मेंदूच्या आवरणाचा दाह होऊन त्यांना ऐकूं येईनासें झालें. २०१४ सालीं त्यांनीं आपलें बालपण 'एल डेफो' नांवाच्या चित्रकथेंत मांडलें. पुढच्याच वर्षीं त्या पुस्तकास बालवाङ्मयांतील न्यूबेरी सन्मान मिळाला. कथेंतील सारीं माणसें सशांच्या रूपांत आहेत. सशाचे कान लांब व तिखट. अशा सशांच्या मेळ्यांत आपलेच कान निकामी असावे, याचें दुःख निराळें सांगावें लागत नाहीं. छातीवर बांधलेल्या यंत्राची बॅटरी संपत आली कीं पात्रांच्या तोंडाजवळील फुग्यांतलीं अक्षरें फिकट होत जातात आणि शेवटीं फुगा नुसता पांढरा उरतो. बोलणारा मात्र बोलतच असतो! ओठांवरून शब्द ओळखतांना काय काय आड येतें, तेंहि या बाईंनीं काढून दाखविलें आहे: अंधार, पाठ फिरवून बोलणें, अनेकांनीं एकदम बोलणें, मुद्दाम ओरडून तोंड वेडेंवांकडें करणें, आणि मिशा.

तेथें मीं पुस्तक मिटलें. ताईआत्यानें आपल्या वडिलांपाशीं एक साधी मागणी केली होती, आणि आम्ही तिच्या हाताचें कौतुक करून मोकळे झालों होतों.

बहिऱ्या माणसानें चित्रांतून जगाचे कान उपटावे, ही गोष्ट तशी नवी नाहीं. स्पेनचा गोया १७९२-९३ च्या दुखण्यांत ठार बहिरा झाला, आणि १७९९ सालीं त्यानें ८० छापचित्रांचा संग्रह प्रसिद्ध करून वैद्याला आणि गुरुजीला गाढवाच्या रूपांत उभें केलें. आपल्याकडे सतीश गुजराल यांचे कान आठव्या वर्षीं गेले. घरच्यांनीं त्यांना लाहोरच्या कलाशाळेंत घातलें, १९४४ सालीं ते मुंबईच्या जे. जे. मध्यें आले, आणि पुढें केवढे चित्रकार झाले तें सर्वांस ठाऊक आहे. मुंबईस बहिऱ्या मुलांची शाळा १८८५ च्या सुमारासच निघाली होती. आमच्या घरांत वर्तमानपत्र येत असे, म्हणजे ती माहीत नव्हती असें म्हणवत नाहीं. पण मुलीला इतक्या दूर कोण पाठविणार? तिच्या वांट्याला पाठकोरे कागद आले.

चित्रमालिका बहिऱ्यांच्या शिक्षणास विशेष सोयीची पडते, याला कारण आहे. हातांची खूण ही स्थिर आकृति नसून हालचाल असते, व ती एका चित्रांत मावत नाहीं. १८५६ सालीं पॅरिसमधील पेलिसिए या शिक्षकानें, जो स्वतः बहिरा होता, खुणांचीं चित्रें छापलीं, तेव्हां हात कोठून कोठें जातो हें दाखविण्यास त्याला बाण व तुटक रेषा घालाव्या लागल्या. शिवाय चेहऱ्याचें व्याकरण असतें तें निराळेंच. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेंत भुंवया उंचावल्या कीं विधानाचा प्रश्न होतो. दिल्लीस २०१५ सालीं स्थापन झालेल्या सरकारी संस्थेच्या कोशांत २०२१ पर्यंत १०,००० शब्द आले. ते चलच्चित्रांत आहेत, तेंच योग्य. ताईआत्याच्या आणि आमच्या खुणा पंचवीस-तीसच असतील. जेवायला ये, दार लाव, पाहुणे आले, गप्प बैस. एवढ्या शब्दांत तिनें आमच्याबरोबर जन्म काढला.

खापें कोष्ट्यांचें गांव. मागाची खटखट भिंतीला हात लावला कीं तळव्याला कळते, हें तिनेंच मला शिकविलें. तिच्या एका कागदावर घरची पंगत आहे. प्रत्येकाच्या तोंडांतून सूत निघून दुसऱ्याच्या कानांत गेलेलें, सारी पंगत ताण्यासारखी विणलेली. आणि टोंकाच्या पाटावर कोरी कांडी घेऊन बसलेली ती. दुसऱ्या कागदावर कंदील बोलणाऱ्याच्या पाठीमागें, म्हणून त्याचें तोंड काळेंभोर. खालीं मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे: 'दिवा इकडे'.

शेजारच्या विणकराची दहा वर्षांची नात नागपुरास शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयांत शिकते. सुटींत ती घरीं आली होती, तेव्हां तिला हे कागद दाखवीत मी खिडकीला पाठ करून बसलें होतें आणि एकेका माणसाची ओळख सांगत होतें. कंदिलाचें चित्र तिनें बराच वेळ न्याहाळलें, मग माझ्या तोंडाकडे पाहिलें, आणि उठून माझ्या मागची खिडकी लावून घेतली.