डॉक्टर, अर्धी गोळी घेतली तर चालेल ना?

सातगाव पठारावर बटाट्याची काढणी सुरू झाली की पेठला माझ्या दवाखान्यात कंबर धरून येणारे वाढतात. बरेच जण दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी आधीच घेऊन आलेले असतात. "मावशी, तुम्हाला किडनीचा त्रास आहे ना?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "म्हणून तर अर्धीच घेते, डॉक्टर."

ही अर्धी गोळी मला जास्त धोकादायक वाटते, कारण ती खोटा दिलासा देते.

किडनीकडे रक्त नेणारी वाहिनी रुंद ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करतात. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधे नेमकी तीच बनू देत नाहीत. निरोगी किडनी हे सहसा सोसते, थकलेली सोसत नाही. त्यात उन्हातला घाम किंवा जुलाब, सोबत ब्लडप्रेशरची काही औषधे आणि लघवीची गोळी असेल, तर थोड्या दिवसांतही किडनी बिघडू शकते. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे मेली, तीही किडनी निकामी होऊनच. म्हणून २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली.

"माझे क्रिएटिनिन नॉर्मल आहे" यावरही विसंबू नका. ६८ वर्षांच्या बाईंचे क्रिएटिनिन १.२ असेल, तर रिपोर्टवर ते अनेकदा नॉर्मल दिसते. पण वय धरून हिशेब केला की ईजीएफआर सुमारे ४९ येतो.

ईजीएफआर ३० च्या खाली असेल, तर वरच्या गोळ्या टाळाव्यात, अर्धीसुद्धा नको. ३० ते ६० मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने, मोजके दिवसच. पहिली पसंती पॅरासिटामॉल: ५०० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. लिव्हरचा आजार, दारू किंवा फार कमी वजन असेल तर त्याहून कमी. ट्रामाडॉल ३० च्या खाली बारा तासांनी, दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंतच. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांचा डोसही किडनी पाहूनच कमी करावा लागतो. म्हणजे कुठे डोस कमी, कुठे अंतर जास्त, तर कुठे औषधच बंद. हे गोळी मोडून ठरत नाही.

दोष फक्त पेशंटचा नाही. "लवकर बरं करा" म्हटले की आम्ही डॉक्टरही चटकन इंजेक्शन भरतो. माझे स्पष्ट मत आहे की साठीपुढच्या, शुगर किंवा बीपी असलेल्या माणसाला ईजीएफआर पाहिल्याशिवाय अशी औषधे लिहू नयेत.

पुढच्या वेळी "अर्धी घेऊ का?" असे विचारू नका. "माझा ईजीएफआर किती आहे?" असे विचारा.