‘झुंड’ला शिट्ट्या वाजवल्या, आता वस्तीचा संघ कधी?



देशाचा १७ वर्षांखालील फुटबॉल संघ हरला की चर्चा होते ती प्रशिक्षकाची, परदेश दौऱ्यांची, मुलांच्या उंची-वजनाची. त्या संघापर्यंत जाणाऱ्या शिडीची पहिली पायरी कोणाच्या दारात आहे आणि कोणाच्या दारात नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हाला तोच प्रश्न विचारायचा आहे आणि तो सोलापुरातून विचारायचा आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश मिळाला. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४ अशा तिन्ही लढती आपण हरलो. पण तो २१ जणांचा संघ नीट पाहा. त्यातली ८ मुले एकट्या मणिपूरची होती. कर्णधार अमरजित सिंग कियामची आई मासे विकायची. फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल करणारा जॅक्सन सिंगही मणिपूरचाच. आणि एवढ्या मोठ्या महाराष्ट्राच्या मातीत घडलेला खेळाडू एकच, कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव.

यावर लगेच ऐकू येते, ‘मणिपूरची पोरं जन्मजातच खेळाडू असतात.’ मित्रांनो, हे वाक्य तपासून घ्या. अमुक मुलखात जन्मजात खेळ असतो आणि अमुक जातीत जन्मजात बुद्धी असते, ही दोन्ही एकाच झाडाची फळे आहेत. ‘गुणवत्ता रक्तात असते’ हा दावा आपण आरक्षणाच्या वादात हजारदा खोडून काढला आहे. मग तो मैदानावर का मान्य करायचा? मणिपुरात गावोगावी क्लब आहेत. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमी पेठेच्या अभिमानाने संघ उतरवतात आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या लढती रंगतात. तिथल्या सहा वर्षांच्या पोराला फुटबॉल शोधायला जावे लागत नाही, तो त्याच्या गल्लीतच असतो. अनिकेतची पहिली पायरी ती होती. पुण्यातले प्रशिक्षण नंतर आले.

आता सोलापूर. शाळकरी मुलासाठी मोठ्या मैदानाकडे जाणारा सरळ रस्ता म्हणजे सुब्रतो मुखर्जी चषक. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा. पण या स्पर्धेत संघ शाळेचा असतो. शाळेने संघच पाठवला नाही तर मुलगा कितीही चपळ असो, त्याच्यासाठी दार बंद. संघ पाठवायचा तर शिकवणारा हवा. शिक्षण हक्क कायदा २००९ ची अनुसूची काढून वाचा. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुले असतील तरच शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी तेवढीही नाही. म्हणजे चेंडूवर पाय बसायच्या वयात वस्तीतल्या मुलाच्या वाट्याला शिक्षक नाही, आणि ज्यांच्याकडे फी आहे त्यांच्या वाट्याला अकादमी आहे. यालाच पुढे ‘खुली निवड चाचणी’ म्हणतात.

१५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारने एकाच दिवशी १० लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. गाजावाजा झाला, फोटो निघाले. पण खेळाडू एका दिवसात घडत नाही. त्याला आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे दहा महिने, पोटभर जेवण आणि पायात बूट लागतात. शाळेत चेंडू आला आणि शिकवणारा आला नाही, तर तो चेंडू कपाटातच जातो.

वर्तमानपत्रांना गरिबीचे कौतुक फार. २०२२ च्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी अष्टम उरांव. तिच्या गावाकडे रस्ता होऊ लागला आणि त्याच रस्त्यावर तिचे आई-बाप मजुरी करत होते. देशाने ही बातमी ‘प्रेरणादायी’ म्हणून वाचली. आम्हाला ती आरोपपत्र वाटते. मुलगी देशाची कर्णधार होईपर्यंत गावाला रस्ता का नव्हता? आणि जिला कर्णधार होता आले नाही, तिच्या गावाचे काय?

करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ आणला. नागपुरात विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना उभे केले, त्यावरचा हा सिनेमा. आपल्या जिल्ह्याचा दिग्दर्शक, पडद्यावर बाबासाहेबांची जयंती. आपण शिट्ट्या वाजवल्या आणि घरी आलो.

इथे आम्हाला आपल्याच माणसांशी बोलायचे आहे. बुधवार पेठ, मिलिंद नगर, सेटलमेंट, रामवाडी. मंडळे आपल्याकडे कमी नाहीत. सोलापूरची भीमजयंतीची मिरवणूक बघायला बाहेरून लोक येतात. वर्गणी जमवणे, पोरे गोळा करणे, शिस्तीने मिरवणूक काढणे हे सारे आपल्याला येते. कोल्हापूरची तालीम वेगळे काय करते? तीही वर्गणीच गोळा करते, फक्त त्यातून संघ उभा करते. जयंती बंद करा असे आम्ही म्हणत नाही, ती आपल्या अस्मितेची आहे. पण डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यातून किती जोड बूट येतील, हा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा मांडावा.

‘आधी शिक्षण, खेळून पोट भरत नाही,’ असे आपले आई-बाप म्हणतात. त्यांचे बरोबर आहे, शिक्षणानेच आपण इथवर आलो. पण शिक्षण आणि खेळ ही भांडण लावायची जोडी नाही. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. ही दारे उघडी आहेत. वस्तीतली मुले तिथपर्यंत पोहोचत नसतील तर ते गुण आणि त्या जागा कोणाला मिळतात?

म्हणून तीन कामे. पहिले, प्रत्येक मंडळाने १२ वर्षांखालील मुलांचा एक आणि मुलींचा एक संघ धरावा, आणि १४ एप्रिलला वस्त्यांची स्पर्धा भरवावी. दुसरे, महापालिका शाळांनी सुब्रतोला संघ पाठवला का, नसेल तर का नाही, हे माहिती अधिकारात विचारावे. तिसरे, आपल्या प्रभागात विकास आराखड्यातली क्रीडांगणाची आरक्षणे कोणती, ते शोधावे. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण उडते. मैदान असे कागदावरच मरते. आपल्याला कळते तेव्हा तिथे इमारत उभी असते.

देशाच्या संघात आमचा एक मुलगा ‘चमत्कार’ म्हणून नको. चमत्कार झाला की व्यवस्थेला उत्तर द्यावे लागत नाही. आम्हाला पायरी हवी आहे, आमच्या वस्तीच्या दारात. ती सरकारकडून भांडून घेऊ आणि तोवर स्वतःच्या वर्गणीतून बांधायला सुरुवात करू.

जय भीम!