हँडलची सुरक्षितता आणि पेटंटच्या सीमा

दोहा : सायकलवरून पडताना हँडलचे टोक पोटात रुतून मुलांच्या यकृतास गंभीर इजा होऊ शकते. ही इजा टाळणाऱ्या रचनेस पेटंट मिळते. मात्र ते त्या देशापुरतेच. भारतातील पेटंट कतारमध्ये लागू होत नाही. रियाधच्या आखाती पेटंट कार्यालयाने जानेवारी २०२१ मध्ये सहा देशांसाठीचे एकत्रित अर्ज घेणे थांबविल्याने कतारसाठी स्वतंत्र अर्ज अपरिहार्य ठरला. अर्ज नसेल तर नक्कल रोखता येत नाही; असेल तर २० वर्षांच्या मक्तेदारीने सुरक्षित हँडल महागू शकते. व्होल्वोने १९५९ चा तीनबिंदू सीटबेल्ट सर्व उत्पादकांना खुला केला होता. प्रत्येक उत्पादक इतका उदार नसतो. म्हणूनच मानकांनी विशिष्ट रचना नव्हे, तर इजा टाळण्याचा परिणाम बंधनकारक करणे हिताचे. दोहा-अल खोर मार्गावर ३३ किलोमीटरचा सायकलपथ उभारणाऱ्या कतारला हे अशक्य नाही.