पहिली पाल कोणती? हौसेइतकाच कागदाचाही प्रश्न

भिंतीवरची पाल झाडूने हुसकावणाऱ्या मराठी घरांत आता काचेच्या पेटीतील परदेशी सरडा हौसेने आणला जाऊ लागला आहे. शहरांतील सदनिकांचे आकारमान, कुत्र्यांवरून सोसायट्यांत होणारे वाद आणि दिवसभर रिकामे राहणारे घर, यांमुळे शांत, कमी जागेत मावणारा प्राणी अनेकांना सोयीचा वाटतो. मात्र पहिली निवडच बहुधा चुकते आणि तिची किंमत प्राण्याला मोजावी लागते.

या चुकीचे ठळक उदाहरण म्हणजे हिरवा इग्वाना. वीतभर लांबीचे, पोपटी रंगाचे त्याचे पिल्लू पाहताक्षणी आवडते. पण मध्य व दक्षिण अमेरिकेतील हा प्राणी शेपटीसह दीड मीटर किंवा त्याहून अधिक वाढतो आणि नीट सांभाळल्यास पंधरा-वीस वर्षे जगतो. त्याला खोलीएवढी जागा, रोजचा पालेभाज्यांचा आहार आणि अतिनील-बी किरण देणारा दिवा लागतो. हे किरण व कॅल्शियम न मिळाल्यास हाडे ठिसूळ होऊन जबडा व पाय वाकडे होतात. नवख्या हातांत हा प्राणी न पडलेलाच बरा.

ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन स्वभावाने सौम्य, दिवसा जागा असणारा आणि हाताळणी सहन करणारा आहे. लांबी सुमारे दीड ते दोन फूट, आयुष्य दहा वर्षांच्या आसपास. परंतु तो कोरड्या प्रदेशातला. कोकणपट्टीतील चार महिन्यांच्या दमट हवेत पेटी कोरडी व हवेशीर राखण्याचे काम सोपे नाही.

नवशिक्यांसाठी जगभर ज्याचे नाव प्रथम घेतले जाते, तो लेपर्ड गेको. लांबी वीस ते पंचवीस सेंटिमीटर. त्याला पापण्या असतात. बोटांना चिकट गाद्या नसल्याने तो काचेवर चढत नाही. पेटीची एक बाजू ३० ते ३२ अंश, दुसरी थंड, लपायला दोन-तीन जागा, एक ओलसर कोपरा आणि कॅल्शियमची पूड लावलेले जिवंत रातकिडे, एवढ्यावर त्याचे भागते. तरीही तो पंधरा वर्षांहून अधिक जगू शकतो, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पण सोपा प्राणी म्हणजे सोपा व्यवहार नव्हे. लेपर्ड गेकोचे मूळ स्थान अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत. त्याचा एक भाऊबंद महाराष्ट्राच्या रानातही आढळतो. त्यामुळे विक्रेत्याकडील प्राणी पैदास केंद्रात जन्मलेला की जंगलातून उचललेला, हा प्रश्न येथे अधिक गंभीर ठरतो. घोरपड तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. ती बाळगणे हा गुन्हाच.

परदेशी प्राण्यांबाबतही मोकळे रान उरलेले नाही. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात आंतरराष्ट्रीय करारातील जातींसाठी स्वतंत्र चौथे परिशिष्ट आले आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे बंधनकारक केले. जन्म, मृत्यू व हस्तांतर हेही कळवावे लागते. हिरवा इग्वाना या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याला ही नोंद चुकत नाही. दुसरीकडे तस्करी सुरूच आहे. जून २०२५ मध्ये थायलंडहून मुंबई विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाकडे सरड्यांसह सुमारे शंभर प्राणी सापडले.

तेव्हा क्रम उलटा हवा. आधी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शहरात आहे का, हे पाहावे. मग त्या जातीची कायदेशीर स्थिती वन विभागाकडून लेखी जाणून घ्यावी. पेटी व दिवे लावून तापमान आठवडाभर तपासावे आणि प्राणी सर्वांत शेवटी आणावा. हाताळल्यावर हात साबणाने धुण्याची सवय घरातील मुलांना लावावी, कारण हे प्राणी साल्मोनेला जिवाणूंचे वाहक असू शकतात.

आणि विक्रेता कागद देण्यास टाळाटाळ करू लागला, तर मनात चुकचुकणाऱ्या शंकेच्या पालीचेच ऐकावे.