शंभराची रेषा आणि एकत्र कुटुंब

राजारामपुरीतील गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनीच ओळखल्या जातात. तेथील जुन्या घरांत आजही एका मीटरवर दोन पिढ्यांचे संसार चाललेले आढळतात. खाली वृद्ध आईवडील, माडीवर मुलगा, सून व नातवंडे आणि मागच्या खोलीत शिवाजी विद्यापीठात शिकणारे दोघे-तिघे भाडेकरू, अशी रचना या भागाला नवी नाही. अशा घरात विजेचे बिल येते तेव्हा पंखा कोणी किती वेळ लावला, गिझर कोणी चालू ठेवला, येथपर्यंत विषय जातो. वस्तुतः या वादाचे मूळ घरात नसून दरपत्रकात आहे.

महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकानुसार घरगुती ग्राहकास पहिल्या शंभर युनिटसाठी युनिटमागे 4 रुपये 71 पैसे आणि त्यापुढे तीनशे युनिटपर्यंत 10 रुपये 29 पैसे असा वीज आकार होता. त्यावर युनिटमागे 1 रुपया 17 पैसे वहन आकार, दरमहा स्थिर आकार आणि या सर्वांवर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे शुल्कासह शंभरावे युनिट 6 रुपये 82 पैशांना, तर एकशे एकावे सव्वातेरा रुपयांना पडत होते. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तरी शंभर युनिटचे बिल सव्वाआठशे ते साडेआठशे रुपये होई आणि दोनशे युनिटचे एकवीसशेच्या पुढे जाई. वापर दुप्पट, बिल अडीचपटीहून अधिक. 2025 मध्ये दर पुन्हा ठरविण्यात आले व त्यावर वादही झाले. परंतु आकडे हलले तरी शंभराची रेषा जागची हलली नाही.

या रेषेमागील हेतू वाईट नाही. थोडी वीज वापरणारा तो गरीब, अधिक वापरणारा तो सधन, तेव्हा दुसऱ्याने पहिल्याचा थोडा भार उचलावा, हे तत्त्व कोणासही मान्य व्हावे. तथापि मीटरला घरात माणसे किती हे ठाऊक नसते. पंचाहत्तर वॅटचा साधा पंखा रोज दहा तास फिरला तर महिन्याला साडेबावीस युनिट जाळतो. घरात चार खोल्या आणि चार पंखे असले की नव्वद युनिट संपले. शीतकपाट, दिवे, दूरचित्रवाणी व टाकीत पाणी चढविण्याची मोटर यांचा हिशेब अद्याप व्हावयाचाच आहे. दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तरी आणखी तीस युनिट होतात. (कोल्हापुरात अनेक घरांनी तांब्याचा बंब अद्याप मोडीत काढलेला नाही, त्यामागे केवळ परंपरेचे प्रेम नसावे.)

दोन उदाहरणे घ्यावीत. एका सदनिकेत नवरा-बायको दोघेच राहतात व नव्वद युनिट वापरतात, माणशी पंचेचाळीस. शेजारच्या घरात सात माणसे दोनशे दहा युनिट वापरतात, माणशी तीस. काटकसर दुसऱ्या घराची अधिक, हे उघड आहे. परंतु वरील दराने पहिल्या घरास युनिट साधारण साडेआठ रुपयांना पडते आणि दुसऱ्यास जवळपास अकरा रुपयांना. त्याच सात माणसांनी घर कागदोपत्री विभागून दोन मीटर घेतले, तर दोन स्थिर आकार भरूनही त्यांचे महिन्याला पावणेपाचशे ते पाचशे रुपये वाचतात. एकत्र राहणाऱ्यास दंड आणि विभक्त होणाऱ्यास बक्षीस, असे धोरण कोणी जाणूनबुजून आखले असेल असे नाही. पण परिणाम तोच आहे. मागच्या खोलीतील विद्यार्थ्याची स्थिती याहून अवघड. त्याचा वापर एक पंखा, एक दिवा आणि एक संगणक एवढाच. परंतु त्याची वीज मालकाच्या मीटरवरून येते, आणि तो मीटर एव्हाना दुसऱ्या टप्प्यात शिरलेला असतो.

सौर छपराचा मार्ग सुचविला जातो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार व तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे, आणि एक किलोवॅटचा संच महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट देऊ शकतो. योजना उत्तम आहे. पण अनुदान छपराच्या मालकास मिळते. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याचे, त्या भाडेकरू कारकुनाने काय करावे?

कागल ओलांडून निपाणीकडे गेले की चित्र पालटते. कर्नाटकाने 2023 पासून घरगुती ग्राहकास, त्याच्या आधीच्या सरासरी वापराशी सांगड घालून, दोनशे युनिटपर्यंत वीज मोफत दिली आहे. सीमेपलीकडे सोयरीक असलेल्या कोल्हापूरकरांस ही गोष्ट खुपते. मात्र फुकट विजेचा पैसा अखेर राज्याच्या तिजोरीतूनच द्यावा लागतो, आणि महाराष्ट्रातील पगारदार वर्गाची रास्त मागणी फुकट विजेची नाही. ती मोजमापाच्या न्यायाची आहे.

असा न्याय करणे अशक्य आहे असेही नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबास माणशी पाच किलो धान्य मिळते. शिधापत्रिकेवर सात नावे असतील तर पस्तीस किलो. तेथे कोणी चूल मोजत नाही, माणसे मोजतात. विजेच्या स्वस्त टप्प्याची मर्यादा कुटुंबातील माणसांच्या संख्येशी जोडता येईल. ते किचकट वाटत असेल तर निदान शंभर ते दोनशे युनिटचा वेगळा, मधल्या दराचा टप्पा करता येईल, म्हणजे एका युनिटच्या फरकाने दर दुपटीवर जाणार नाही. त्यामुळे पडणारी तूट दुसऱ्या कोणा ग्राहकावर टाकण्याऐवजी शासनाने उचलावी. 2003 च्या वीज कायद्यात त्यासाठी आगाऊ अनुदान देण्याची तरतूद आहेच.

1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाल्यापासून दरवाढीच्या प्रस्तावावर सामान्य ग्राहकासही हरकत नोंदविता येते. इचलकरंजीहून चालणाऱ्या वीज ग्राहक चळवळीने हा हक्क चिकाटीने वापरला. कोल्हापूर शहरातून मात्र घरगुती ग्राहकाचा आवाज क्वचितच तेथवर पोहोचतो. टोलच्या प्रश्नावर हेच शहर रस्त्यावर उतरले होते, कारण टोल नाक्यावर सर्वांसमक्ष द्यावा लागे. विजेचे बिल ज्याच्या त्याच्या दारात येते आणि ज्याचा त्याचा वाद ज्याच्या त्याच्या घरात होतो. पुढील दरप्रस्तावाच्या वेळी राजारामपुरीतील एखाद्या तरुण मंडळाने आपल्या गल्लीतील घरांची बिले व माणसांची संख्या एका तक्त्यात मांडून हरकतीसोबत आयोगापुढे ठेवली, तर त्या कामास चार रविवार पुरतील.